विश्लेषण : नवरा चर्चमध्ये, बायको पंढरपुरात, कवी ना. वा. टिळकांनी घरच्यांना कसं बोलावलं?

आषाढीच्या तोंडावर उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलं जातं आणि ते पुढे पंढरपूरच्या चंद्रभागेत पोहोचतं. धरणकाठच्या करमाळा, माढा भागातल्या गावांना बोलावणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. हरिनाम सप्ताह असो, पारायण असो की काल्याचं कीर्तन, पाहुण्यारावळ्यांना निरोप जातोच. पूर्वी माणूस जायचा, आता व्हॉट्सॲपवर पत्रिका जाते. नाताळात ख्रिस्ती कुटुंबंही शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपासनेला या म्हणून सांगतात. जाणारा जातो, केक खातो, घरी येतो. त्यात फार काही घडत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, एका बाईला असं बोलावणं येत होतं आणि ते स्वीकारलं तर तिचं माहेर, सासर, जात, सगळंच सुटणार होतं. नाही म्हटलं तर नवरा सुटणार होता. ती बाई म्हणजे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. बोलावणारे होते त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या माणसांना चर्चमध्ये बोलावायचं कसं, हा प्रश्न टिळकांना आयुष्यभर पुरला. त्याचं उत्तर त्यांनी दर काही वर्षांनी बदललं. सुरुवात मात्र अगदीच वाईट झाली होती.

हे टिळक कोण?

आधी एक गोंधळ दूर करू. हे लोकमान्य नव्हेत. केवढे हे क्रौर्य ही बाण लागलेल्या पक्षिणीची कविता अनेकांनी शाळेत वाचलेली असते, त्या कवितेचे हे कवी. फुलांमुलांचे कवी अशी त्यांची ओळख आहे. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या करजगावचा. कुटुंब चित्पावन ब्राह्मण. आई जानकीबाई भाविक होत्या, कवितेची आवड मुलाला त्यांच्याकडून मिळाली. त्या लवकर गेल्या. मुलाने घर सोडलं आणि शिक्षणासाठी नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचं संस्कृत पक्कं झालं.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. ती १८६८ ची, म्हणजे लग्नात बारा वर्षांच्या आसपासची. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. तिच्या माहेरी सोवळं इतकं कडक की ते वाचताना आजही धाप लागते. वडिलांच्या लेखी बाहेरून आलेली जवळपास प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घेण्यासारखी नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे प्रश्न फक्त देव बदलण्याचा नव्हता. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा होता.

टिळक एका जागी टिकणारे गृहस्थ नव्हते. शिक्षकी केली, कीर्तनं केली, छापखान्यात काम केलं. राग पटकन यायचा आणि तितक्याच पटकन जायचा. हातात पैसा आला की तो समोर आलेल्या गरजू माणसाच्या हातात जायचा आणि घरात डाळ-तांदळाची पंचाईत व्हायची. न सांगता निघून जाणं हा तर स्वभावच. आजच्या भाषेत सांगायचं तर संसार करायला अवघड माणूस.

रेल्वेच्या डब्यात काय घडलं?

१८९० नंतरची काही वर्षं टिळक नागपुरात होते. तिथले धनिक अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम त्यांना मिळालं होतं. त्या काळात जुन्या धर्मविचारावरचा त्यांचा विश्वास डळमळू लागला होता. जातिभेद त्यांना सलत होता. देशाला एकत्र बांधणारा एखादा नवा धर्म आपणच काढावा, असंही त्यांच्या मनात घोळत होतं.

नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. टिळकांना वाटलं, गोरा माणूस आपल्याला बाहेर काढणार. त्याने उलट जागा करून दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. उतरण्याआधी त्याने नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. त्या गृहस्थाचं नाव त्यांनी विचारलंही नव्हतं. ते अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी असावेत, असं नंतर मानलं गेलं.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. शत्रूवरही प्रेम करा, हे वाक्य त्यांना सोडेना. पुढे गुपचूप पत्रव्यवहार सुरू झाला. नाव उघड होऊ नये याची काळजी घेत त्यांनी ख्रिस्ती नियतकालिकांशी आणि मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन ॲबट यांच्याशी संपर्क ठेवला. हेच ॲबट पुढे महीपती आणि तुकारामांची चरित्रं इंग्रजीत नेणारे अभ्यासक म्हणून ओळखले गेले.

टिळकांना चर्चमध्ये कोणी ओढत नेलं नाही. एका प्रवाशाने पुस्तक दिलं, पत्ता न ठेवता तो उतरून गेला, बाकीचं काम वाचनाने केलं. टिळकांच्या पुढच्या पद्धतीचं बीज इथे दिसतं. फक्त ते रुजायला वेळ लागला.

घरी का सांगितलं नाही?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता देशी पाळक तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला, हा त्यांचाच आग्रह होता. पत्नीला मात्र आधी सांगितलं नव्हतं. तिला ते झाल्यावर कळलं.

न सांगण्याचं कारण समजून घ्यायला दोनच वर्षं मागे जावं लागतं. भीमेच्याच खोऱ्यात, पुण्यात, १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून मोठं वादळ उठलं होतं. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनातल्या विधवा मुलींना त्या प्रार्थनेला या म्हणत नव्हत्या, पण आपल्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार बंदही करत नव्हत्या. काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावणं झालं की नाही, यावर वर्तमानपत्रांत रण माजलं. पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पुढे रमाबाईंनी दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, जे उजनीच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आहे.

उघडं दारही गुन्हा ठरत होतं अशा हवेत, घरच्यांना आधी सांगितलं असतं तर बाप्तिस्मा झालाच नसता, हा टिळकांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याची किंमत त्यांनी दिली नाही, लक्ष्मीबाईंनी दिली. सत्तावीस वर्षांची बाई, पदरात १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाणं म्हणजे जातीबाहेर पडणं. लक्ष्मीबाई आजारी पडल्या. त्या जिवाचं काही बरंवाईट करतील, या धास्तीने नातेवाइकांनी त्यांच्यावर नजर ठेवली.

पंढरपूरचे दिवस आणि न वापरलेला कायदा

पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. त्यातला काही काळ लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने पंढरपुरात होत्या. तेव्हा पुणे-सोलापूर रेल्वे सुरू होऊन तीन दशकं उलटली होती, पण पंढरपूरला रूळ पोहोचले नव्हते. बार्शी लाइट रेल्वेचा फाटा तिथे १९०६ मध्ये आला. म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचं आणि पुढे बैलगाडी किंवा टांगा. पत्रही त्याच वाटेने येणार.

आणि पत्रं येत होती. टिळकांनी बायकोला सोडलं नव्हतं. पत्रांत ते तिला आपल्याकडे ये म्हणत, दत्तूची चौकशी करत, अधूनमधून भेटत. लक्ष्मीबाई रागावत, रडत, भांडत आणि उत्तरही देत. त्यांची पहिली कविता याच दुःखातून आली. ज्या बाईचं शालेय शिक्षण जवळपास शून्य, जिला जोडाक्षरं छळत, ती नवऱ्याच्या धर्मांतराने कवयित्री झाली, हा या कथेतला विचित्र भाग.

या ठिकाणी एक कायदा माहीत असायला हवा. ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये ख्रिस्ती झालेल्या व्यक्तींच्या विवाहविच्छेदासाठी कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने किंवा अधिक काळ सोबत राहायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला कोर्टात अर्ज करता येत असे. कोर्ट दोघांना विचारायला लावी, विचारासाठी वर्षभराची मुदत देई आणि नकार कायम राहिला तर लग्न मोडता येई. त्यानंतर दोघांनाही दुसऱ्या लग्नाची मोकळीक. टिळक तेव्हा तिशीत होते. ही वाट त्यांच्यासमोर उघडी होती आणि कायद्याच्या दृष्टीने सोपीही होती.

ते त्या वाटेने गेले नाहीत. लग्न मोडलं नाही, दुसरं केलं नाही. वाट पाहिली. आधी न सांगता गेलेला हा माणूस नंतर चार-साडेचार वर्षं थांबला, याची नोंद घ्यायलाच हवी. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाट पाहणारा पुरुष मुंबई-नगरात पुस्तकं, मित्र आणि काम यांच्यात होता. वाट पाहायला लावली गेलेली बाई नातेवाइकांच्या घरात, लोकांच्या कुजबुजीत, दुसऱ्यांच्या आधारावर जगत होती.

वेगळी चूल, वेगळं पाणी

टिळक तोपर्यंत अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात स्थिरावले होते. लक्ष्मीबाई अखेर त्यांच्याकडे आल्या, पण ख्रिस्ती व्हायला म्हणून नाही. नवऱ्याकडे म्हणून. त्यांनी आपला देव, आपलं सोवळं, आपला स्वयंपाक सोबत आणला. एका छताखाली दोन धर्म आणि दोन पाणवठे, अशी ही व्यवस्था. टिळकांनी ती मान्य केली. बायकोने उपासनेला येऊन बसावं, असा हुकूम त्यांनी काढला नाही. हुकूम काढला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचलेला कोणीही बांधू शकेल.

बदल आतून आला. नगर भागातल्या वास्तव्यात एका रात्री त्या जातीचा विचार करत पडल्या होत्या. माणसं देवाने केली, मग जाती कोणी केल्या? माणसांनीच, हे त्यांचं उत्तर त्यांना एकदा पटलं आणि विषय संपला. त्यानंतर कोणाच्याही हातचं खाणं-पिणं त्यांना वर्ज्य राहिलं नाही. बापाच्या घरचं सगळं सोवळं एका रात्रीत गळून पडलं. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर आली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ होता. पुढे प्लेगच्या साथीत या दोघांनी छावणीत रुग्णांची सेवाही केली.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जात गेली, मग धर्म बदलला. टिळकांचा क्रम याच्या उलट नसला तरी वेगळा होता. एकाच घरातली दोन माणसं एकाच चर्चमध्ये दोन वेगळ्या रस्त्यांनी पोहोचली.

बोलावण्याची भाषा कशी बदलली?

घरचा प्रश्न सुटला, बाहेरचा बाकी होता. टिळकांना दिसत होतं की मराठी माणूस चर्चच्या दारापर्यंत येतो आणि आत ऐकू येणाऱ्या सुरावटीला बिचकून परत जातो. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं केली होती आणि ती परदेशी चालींवर गायली जात. शब्द मराठी, पण ऱ्हस्व-दीर्घ चालीच्या दाबाखाली चेंगरलेले. गावात ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला ते आपलं वाटणं कठीण होतं.

हे फक्त आवडीनिवडीचं प्रकरण नव्हतं. १९०१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सव्वापाच टक्क्यांच्या आसपास होती. गावातल्या ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले, ज्यांना शाळेचं दार नुकतंच उघडलं होतं. पुस्तक हातात देऊन गायला सांगणं म्हणजे त्यांना गप्प बसवणं. भजनाची रचनाच वेगळी असते. एकजण चरण म्हणतो, बाकीचे ध्रुपद उचलतात, टाळ-मृदंग लय धरून ठेवतात. दोन-तीन आवर्तनांत पहिल्यांदा आलेला पाहुणाही गाऊ लागतो. त्याला पुस्तक लागत नाही, वाचता यावं लागत नाही, आपण परके आहोत हे वाटायला वेळही मिळत नाही. सप्ताहाला गेलेल्या कोणालाही हे माहीत आहे. टिळकांनी तेच उपासनेत आणलं.

त्यांनी शेकडो पदं, भजनं, अभंग लिहिले. अभंग, ओवी, आर्या, दिंडी ही सगळी ओळखीची वृत्तं. ख्रिस्ताला त्यांनी आई म्हटलं, गुरू म्हटलं, सखा म्हटलं. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या प्रदेशात ही हाक कोणाला समजावून सांगावी लागली नाही. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं टिळक मानत. धर्म बदलला तरी त्यांनी तो पूल पाडला नाही. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या उपासना संगीत या गीतसंग्रहात त्यांची पदं मोठ्या संख्येने आहेत.

दुसरं साधन कीर्तन. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांच्या आधी केली होती. टिळक तर धर्मांतरापूर्वीचे कीर्तनकार. पूर्वरंगात एखादं तत्त्व मांडायचं, संतांच्या वचनांचा आधार घ्यायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, हा साचा त्यांच्या हाडीमासी मुरलेला. आख्यान आता उधळ्या पुत्राचं असे, एवढाच फरक. चर्चच्या बाकावर बसायला संकोचणारा माणूस कीर्तनाला मात्र बिनदिक्कत येऊन मांडी घालून बसतो. कीर्तन ऐकल्याने कोणाची जात जात नाही.

इथे काही वाचकांना प्रश्न पडेल की हा ओळखीच्या वेष्टनात नवा माल देण्याचा प्रकार होता का? तो आक्षेप तेव्हाही घेतला गेला असणार आणि तो निराधार नाही, कारण लोकांनी ख्रिस्ताकडे यावं ही इच्छा टिळकांनी कधी लपवली नाही. पण टिळकांसाठी अभंग हे वेष्टन नव्हतं. त्यांना दुसऱ्या भाषेत प्रार्थना करताच येत नव्हती. शिवाय त्यांचा निम्मा झगडा चर्चच्या आतल्या लोकांशी होता. मिशनरी पालक आणि देशी ख्रिस्ती लोक लेकरं, हे नातं त्यांना मान्य नव्हतं. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या देशाला परका होतो, ही कल्पना तर त्यांना अपमानास्पद वाटे. १९१२ पासून ज्ञानोदयच्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे होतं. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं हे नियतकालिक त्यांनी या वादाचं व्यासपीठच केलं.

बालकवी घरात राहिले, चर्चमध्ये गेले नाहीत

टिळकांच्या बोलावण्याची मर्यादा कुठे होती, हे पाहायचं तर त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांच्याकडे पाहावं लागतं. म्हणजे बालकवी. जळगावला १९०७ मध्ये झालेल्या कविसंमेलनात या तरुण कवीने सगळ्यांना थक्क केलं. टिळकांनी त्याला जवळ केलं आणि बालकवी पुढे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. एका मिशनरी कवीच्या घरात, रोजच्या प्रार्थना आणि भजनं कानावर पडत असताना, एक हळवा, आर्थिक ओढाताणीतला ब्राह्मण मुलगा राहतो, यावर नगरात काय बोललं जात असेल ते सांगायला नको.

बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांचं त्यांच्यावरचं प्रेम त्यामुळे कमी झालं नाही आणि घराचं दारही बंद झालं नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा टिळक दांपत्याने घरातलाच मुलगा गमावला होता.

देवाचा दरबार म्हणजे काय होतं?

१९१७ मध्ये टिळकांनी सगळ्यांना धक्का दिला. अमेरिकन मिशनमधली नोकरी त्यांनी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. वय पंचावन्न. प्रकृती चांगली नव्हती. घर चालवायची जबाबदारी पुन्हा एकदा, कोणाला न विचारता, लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडली.

साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचं हे बंधुमंडळ होतं आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ही अट काढणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती, ते नीट पाहायला हवं. त्या काळात चर्चमध्ये येणं म्हणजे पुढेमागे बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्मा म्हणजे जात, इस्टेट, सोयरीक, गाव यांच्याशी काडीमोड. वारसाहक्क १८५० च्या कायद्याने कागदावर सुरक्षित होता, पण पाणवठा आणि पंगत कायद्याच्या हातात नव्हती. मनाने ख्रिस्ताजवळ आलेला पण घर तोडायला तयार नसलेला माणूस त्यामुळे दारातच उभा राही. टिळकांनी ते दार मोठं केलं. घरात राहून, आपल्या माणसांत राहून ये, असं हे बोलावणं होतं.

पंढरपूरला पत्रं पाठवण्यापासून इथपर्यंतचा प्रवास बावीस वर्षांचा. १८९५ मध्ये ज्या माणसाने घर मागे टाकून बाप्तिस्मा घेतला, त्यानेच १९१७ मध्ये असं मंडळ काढलं की जिथे यायला कोणाला बायको-मुलं मागे टाकावी लागू नयेत. या दोन गोष्टींचा संबंध टिळकांनी स्वतः जोडला की नाही, हा भाग वेगळा. वाचणाऱ्याला तो दिसतो.

मिशनच्या वर्तुळात या प्रयोगाबद्दल सगळेच खूश नव्हते. बाप्तिस्मा नसेल तर चर्चची हद्द कुठे संपते, हा त्यांचा प्रश्न व्यवस्थेच्या अंगाने रास्तच होता. टिळकांना त्याचं उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. दरबार सुरू होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्याभोवती उभं राहिलेलं मंडळ त्यांच्यामागे फार टिकलं नाही.

मग उरलं काय?

पदं उरली. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८६० च्या दशकापासूनचं. नगर-सोलापूर पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची भजनं आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. गाणाऱ्या अनेकांना कवीचं नाव ठाऊक नसतं, जसं भजनी मंडळात प्रत्येक अभंगाचा कर्ता ठाऊक असतोच असं नाही. शेवटच्या चरणातल्या दास या नाममुद्रेवरून तो ओळखायचा.

आणि लक्ष्मीबाई उरल्या. १९३४ पासून त्यांची स्मृतिचित्रे भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते, ते त्यातल्या विनोदामुळे आणि नवऱ्याला देव्हाऱ्यात न बसवल्यामुळे. टिळकांचं न सांगता जाणं, चिडणं, पैसे वाटून टाकणं, सगळं त्यात आहे आणि प्रेमही आहे. चरित्रकारांना जो टिळक कधी सापडला नसता, तो तिथे चालताबोलता दिसतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

टिळकांनी १९०९ मध्ये ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र रामायणाच्या थाटात, घरात पोथीसारखं लावता येईल असं. अकरा अध्यायांवर ते थांबलं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पंढरपुरात ज्यांनी बोलावण्याला नकार दिला होता, त्यांनीच. १९३८ मध्ये ते पुस्तक निघालं, तेव्हा ते पाहायला दोघांपैकी कोणीही नव्हतं.